किल्पेकचं चर्च: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडला जाणारी आपली माणसं लंडन, ऑक्सफर्ड, फार तर स्टोनहेंज करून परततात. शिल्पांची आवड असलेल्यांनी आणखी एक दिवस काढून पश्चिमेला वेल्सच्या सीमेपर्यंत जावं आणि किल्पेक नावाच्या खेड्यातलं चर्च पाहावं, असा माझा आग्रह असतो. त्यावर जे प्रश्न नेहमी येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

किल्पेक नेमकं कुठे आहे?

हेरेफर्डशर परगण्यात, हेरेफर्ड शहराच्या नैर्ऋत्येला साधारण चौदा किलोमीटरवर. हेरेफर्डहून ॲबरगव्हेनीकडे जाणारा ए ४६५ हा रस्ता सोडून थोडं आत वळलं की गाव लागतं. वेल्सची हद्द इथून जवळच आहे. मध्ययुगात या सगळ्या सीमापट्ट्याला 'मार्चेस' म्हणत. उत्तर फ्रान्सातून आलेले नॉर्मन सरदार, इंग्रज कुळं आणि वेल्श राजे यांची ओढाताण इथे शतकानुशतकं चालली. आज गाव म्हणजे थोडी घरं, एक खानावळवजा पब, शेतं आणि हे चर्च.

चर्च किती जुनं आहे? बांधलं कोणी?

आजची इमारत साधारण ११४० च्या सुमाराची मानतात. आपल्याकडचा काळ डोळ्यांसमोर आणायचा, तर अंबरनाथचं शिवमंदिर तेव्हा ऐंशी वर्षांचं झालं होतं.

१०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. वीस वर्षांनी, १०८६ मध्ये, देशभराच्या जमिनींची मोजदाद झाली. त्या डूम्सडे वहीत किल्पेक आहे आणि त्याचा धनी विल्यम फिट्झ नॉर्मन असल्याची नोंद आहे. विल्यमचा मुलगा ह्यू याने ११३४ मध्ये इथलं चर्च ग्लॉस्टरच्या सेंट पीटर मठाला दान केलं. आजची वास्तू याच ह्यूच्या काळातली. दगड फोडणाऱ्या आणि कोरणाऱ्या हातांची नावं मात्र कुठल्याही कागदावर उतरलेली नाहीत. तिथे आणि इथे, पाथरवटांचं नशीब सारखंच.

म्हणजे त्याआधी इथे काहीच नव्हतं?

होतं. नॉर्मन यायच्या कितीतरी आधी हा भाग एर्गिंग नावाच्या वेल्श राज्यात मोडत होता. चर्चचं आवार लंबगोल आहे आणि आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच आहे. असं आवार फार जुन्या केल्टिक धर्मस्थळांची खूण समजलं जातं. मुख्य दालनाच्या ईशान्य कोपऱ्यावर नीट पाहिलं, तर एक उभा दगड, एक आडवा दगड अशी रचना दिसते. ही नॉर्मनांच्या आधी इंग्लंडमध्ये असलेल्या सॅक्सन गवंड्यांची पद्धत. त्यामुळे नॉर्मनपूर्व भिंतीचा तुकडा नव्या बांधकामात तसाच ठेवला गेला असं मानतात. बहुतेक लोक दाराकडे धावतात आणि हा कोपरा न पाहताच निघून जातात.

चर्चचं नाव 'सेंट मेरी आणि सेंट डेव्हिड'. त्यातला डेव्हिड मूळचा. मेरीचं नाव शेजारच्या किल्ल्यातलं प्रार्थनाघर मोडकळीला आल्यावर इथे येऊन जोडलं गेलं, असं सांगितलं जातं.

इमारतीची रचना कशी आहे?

अगदी साधी. पश्चिमेकडून पूर्वेकडे एकापुढे एक अशा तीन खोल्या: आधी गावकऱ्यांचं लांबट दालन, म्हणजे नेव्ह. मग पाद्र्यांसाठी राखलेला चान्सेल. आणि शेवटी अर्धवर्तुळाकार ॲप्स, म्हणजे वेदीची जागा. पुढची प्रत्येक खोली आधीच्यापेक्षा अरुंद. मंडप, अंतराळ, गर्भगृह ही चढती जवळीक ज्यांच्या डोळ्यांत बसली आहे, त्यांना हा आराखडा समजावून सांगावा लागत नाही. फरक एवढाच की इथे पूर्वेकडे तोंड देवाचं नसून भक्ताचं असतं.

उंच मनोरा नाही. पश्चिम टोकाला छपरावर घंटांसाठी छोटी कमान आहे, तेवढंच. मध्ययुगीन गावच्या चर्चला नंतरच्या काळात सहसा बाजूची दालनं, मनोरे, मोठ्या खिडक्या जोडल्या गेल्या. किल्पेकला तसं फारसं काही चिकटलं नाही. बाराव्या शतकातल्या खेड्यातल्या चर्चचा पूर्ण आराखडा इतका स्वच्छ दिसणं दुर्मीळ आहे.

ही गॉथिक शैली का?

नाही, ही त्याआधीची रोमनेस्क. इंग्लंडमध्ये तिला नॉर्मन म्हणतात. ओळखायची सोपी खूण म्हणजे कमान. रोमनेस्क कमान अर्धगोल असते, गॉथिक कमान वर टोकदार होते. रोमनेस्कच्या भिंती जाड, खिडक्या लहान, आत अंधार अधिक. भार भिंतींवरच असल्याने मोठी भोकं पाडायची सोय नव्हती. टोकदार कमानी आणि बाहेरून दिलेले टेकू आल्यावर भिंती हलक्या झाल्या, काच वाढली, उंची वाढली.

गॉथिक कशी दिसते हे मुंबईकरांना माहीत आहे, पण ती एकोणिसाव्या शतकातली पुनरावृत्ती. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि राजाबाई टॉवर त्याच लाटेतले. राजाबाई टॉवरचा आराखडा करणारा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट स्वतः भारतात कधी आलाच नाही. पण किल्पेकपासून हाकेच्या अंतरावर तो होता: हेरेफर्डच्या मध्ययुगीन कॅथीड्रलचा जीर्णोद्धार त्यानेच केला.

दक्षिण दाराबद्दल एवढं का बोललं जातं?

कारण बाराव्या शतकातलं इतकं गच्च कोरलेलं आणि इतकं शाबूत राहिलेलं दार इंग्लंडभर शोधूनही क्वचित सापडेल. लाल वालुकाश्मात ते कोरलं आहे आणि कडा अजून धारदार आहेत.

दाराच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन खांब. बाहेरच्या खांबांवर साप, एकाने दुसऱ्याची शेपटी गिळलेली, असे वरून खाली गुंतत जाणारे. डावीकडच्या आतल्या खांबावर दोन योद्धे वेलींत अडकले आहेत. त्यांनी सैलसर विजारी घातल्या आहेत, आणि हा पेहराव त्या काळच्या शिल्पांत सहसा दिसत नाही. उजवीकडच्या आतल्या खांबावर पानांत दडलेले पक्षी. त्याच बाजूला वर एक चेहरा आहे, त्याच्या तोंडातून वेली फुटून बाहेर पसरल्या आहेत. युरोपात त्याला 'ग्रीन मॅन' म्हणतात. आपल्या देवळांतलं कीर्तिमुख आठवेल, पण दोघांत नातं शोधू नका. तोंडातून वेल काढायचा मोह दगड कोरणाऱ्याला कुठेही होऊ शकतो.

खांबांवर कमानी. कमानीच्या एकेका दगडावर एकेक प्राणी किंवा डोकं: काही चोचीसारखे खाली झुकलेले, काही साखळीने एकमेकांना जोडलेल्या वर्तुळांत बसवलेले. पक्षी, मासे, खरे पशू, आणि कधीच नसलेले पशू. दारावरच्या अर्धगोलात एक झाड आहे, फळांनी लगडलेलं, समतोल आणि शांत. त्याला जीवनवृक्ष म्हणतात. भोवती एवढी झोंबाझोंबी चाललेली असताना मधोमध हे झाड ठेवण्यात ज्याने कोणी मांडणी केली त्याची अक्कल दिसते.

छपराखालची डोकी म्हणजे काय?

त्यांना कॉर्बेल म्हणतात. भिंतीतून बाहेर काढलेले दगडी आधार, ज्यांवर वळचणीची पट्टी टेकते. काम भार घेण्याचं, पण कारागिरांनी प्रत्येकाचं तोंड कोरून काढलं. चर्चच्या सगळ्या बाजूंनी ही रांग फिरते. आज ८५ कॉर्बेल शिल्लक आहेत. १८४२ मध्ये जॉर्ज रॉबर्ट लुईस या चित्रकाराने इथल्या शिल्पांची चित्रं प्रसिद्ध केली, त्यांत आणखी सहा होते.

ख्रिस्ती धर्माशी थेट संबंध दिसेल असे फार थोडे. क्रूस घेतलेलं कोकरू आहे, ते ठीक. बाकी मेंढा, डुक्कर, मानवी डोकी गिळणारा पशू, तंतुवाद्य वाजवणारा, एकमेकांना मिठी घातलेली दोन माणसं (कुणी त्यांना पहिलवान म्हणतं, कुणी प्रेमिक). सर्वांत लाडकी जोडी म्हणजे कुत्रा आणि ससा. एकाच दगडावर दोघं गालाला गाल लावून बसली आहेत, मोठे डोळे, लोंबते कान, आणि पाहताना हे नऊशे वर्षांपूर्वीचं असल्यावर विश्वास बसत नाही. कालच कुणी मुलांच्या मासिकासाठी चितारलं असावं असं वाटतं. माझं मत विचाराल तर किल्पेकची खरी उंची दारापेक्षा या रांगेत आहे. दाराचा आराखडा मालकाला दाखवून, पसंत करून घेतला असणार. वर छपराखाली मात्र कारागिराला मोकळीक मिळाली.

पश्चिम भिंतीच्या वरच्या बाजूला आणखी एक प्रकार आहे: भिंतीतून बाहेर आलेली, जबडा वासलेली व्यालासारखी मुंडकी. त्यांतल्या एकाची जीभ गुंडाळलेली आहे. नॉर्वेतल्या लाकडी चर्चवर आणि व्हायकिंग कामात असे जबडे दिसतात. नॉर्मन हे मूळचे उत्तरेकडचे दर्यावर्दी, पण हा प्रभाव थेट तिकडून आला की इंग्लंडमध्ये आधीच रुळलेल्या नक्षीतून, यावर अभ्यासकांची मतं वेगवेगळी आहेत.

चर्चच्या भिंतीवर 'तसलं' शिल्प आहे म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. 'शीला-ना-गिग' या नावाने ओळखला जाणारा हा प्रकार आयर्लंड आणि ब्रिटनमधल्या जुन्या चर्चवर, किल्ल्यांवर आढळतो, आणि किल्पेकची शीला त्यांत सर्वांत प्रसिद्ध. मोठं गोल डोकं, टपोरे डोळे, हसरं तोंड, आणि दोन्ही हातांनी आपली योनी उघडून दाखवणारी स्त्री. ती लपवलेली वगैरे नाही, बाकीच्यांच्या रांगेतच बसली आहे.

अर्थ काय? वासनेपासून सावध करण्यासाठी, असं एक मत. दृष्ट काढण्यासाठी, अशुभ पळवून लावण्यासाठी, हे दुसरं. सुफलतेची जुनी देवता, हे तिसरं. चित्रकार लुईसला तर ती स्त्री आहे हेच मान्य करवेना. त्याने तिला छाती चिरलेला विदूषक ठरवलं, ज्याचं हृदय सर्वांसाठी उघडं आहे! व्हिक्टोरियन सभ्यतेपुढे डोळेसुद्धा हतबल होतात.

मराठी वाचकाला इथे लज्जागौरी आठवते आणि ते साहजिकच आहे. धाराशिवजवळच्या (पूर्वीचं उस्मानाबाद) तेरला, नेवाशाला अशा मूर्ती सापडल्या आहेत. पण दोन्हींचा रोख वेगळा आहे. लज्जागौरी उताणी, पाय फाकलेली, डोक्याच्या जागी बहुधा कमळ. ती प्रसवणारी, पूजा घेणारी देवी. शीलाला डोकं आहे, नुसतं आहे असं नाही, तेच सर्वांत मोठं आहे, आणि ती आपल्याकडे रोखून पाहते. तिची पूजा झाल्याचा पुरावा नाही. त्यामुळे दोघींना एका मूळ मातृदेवतेच्या मुली ठरवणाऱ्या लेखांपासून मी चार हात दूर राहतो.

हे कारागीर आले कुठून?

याच परगण्यात अनेक ठिकाणी एकाच हातचं, निदान एकाच गटाचं काम दिसतं. त्याला 'हेरेफर्डशर स्कूल' असं नाव आहे. गटाची सुरुवात शॉबडन या गावी झाली असं मानतात. तिथलं चर्च ऑलिव्हर द मर्लिमाँड याने बांधलं. हा विगमोरच्या मॉर्टिमर सरदारांचा कारभारी. तो स्पेनमधल्या सांतियागो द कोंपोस्तेलाच्या यात्रेला गेला होता, आणि ही हकीकत विगमोर मठाच्या बखरीत आहे. त्या यात्रामार्गावर, विशेषतः पश्चिम फ्रान्समध्ये, कमानीच्या दगडागणिक एकेक आकृती कोरलेली चर्च आहेत. किल्पेकच्या आत उभ्या खांबांवर एकावर एक रचलेले संत आहेत, तशी मांडणी सांतियागोच्या दक्षिण दारावरही दिसते.

यावरून ऑलिव्हरने येताना फ्रेंच कारागीर सोबत आणले, अशी मांडणी झाली. मला ती जरा जास्तच सरळसोट वाटते. एखाद्या कारागिराने ती चर्च पाहिली असतील, कुणी चित्रं आणली असतील. साप, वेली, जबडे यांची नक्षी मात्र सॅक्सन आणि उत्तरेकडच्या परंपरेतली आहे, आणि हात बहुतेक स्थानिकच. बाहेरची कल्पना आणि घरचा हात यांच्या मिश्रणातूनच ही शैली झाली.

या सगळ्या प्राण्यांचा काही गुप्त अर्थ आहे का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि माझं उत्तर सर्वांत जास्त निराश करतं. काही आकृत्या त्या काळच्या पशुकथांच्या हस्तलिखितांवरून घेतल्या असाव्यात. त्या पोथ्यांत प्रत्येक प्राण्याला धार्मिक तात्पर्य चिकटवलेलं असे. काहींना बायबलचा आधार आहे. पण ८५ च्या ८५ दगडांना एका सूत्रात ओवणारी किल्ली कुणालाही सापडलेली नाही. खुद्द बाराव्या शतकात, याच सुमारास, क्लेअरव्हॉचा मठाधिपती बर्नार्ड मठांतल्या असल्या विचित्र पशूंवर चिडला होता. पोथीऐवजी भिक्षू दगडच वाचत बसतात, अशी त्याची तक्रार. म्हणजे समकालीन धर्मपंडितालाही त्यांत उपदेश दिसत नव्हता. कुत्रा आणि ससा कोरताना कोरणाऱ्याला मजा आली, एवढं कारण मला पुरतं.

आत काय पाहावं?

आधी चान्सेलची कमान. तिच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन संत, एकाच्या डोक्यावर दुसरा. पीटर त्याच्या किल्लीवरून ओळखू येतो. बाहेरच्या दंग्यानंतर हे संत फार गंभीर वाटतात. मग ॲप्सचं दगडी छत: नागमोडी नक्षीच्या फासळ्या चारी बाजूंनी येऊन मध्यावर भेटतात, आणि भेटीच्या दगडावर मुंडकी कोरली आहेत. बाप्तिस्म्याचं दगडी पात्र मोठं आणि साधं आहे. जुनं पवित्रजलाचं भांडंही बघा. ते पोटाच्या आकाराचं आहे आणि दोन हातांनी ते पोट धरलेलं आहे.

नऊशे वर्षांत हे तुटलं-फुटलं कसं नाही?

गाव पडलं म्हणून चर्च राहिलं.

तेराव्या शतकात किल्पेक महत्त्वाचं ठिकाण होतं. चर्चच्या पश्चिमेला मातीच्या उंचवट्यावर किल्ला होता. १२११ ते १२१४ या काळात जॉन राजा इथे येऊन गेला. गावाजवळ बेनेडिक्टाइन भिक्षूंचा छोटा मठ होता. मग चौदाव्या शतकापासून या भागाला उतरती कळा लागली. १४२२ मध्ये मठ बंद झाला. १६४५ मध्ये, राजा आणि संसद यांच्यातल्या यादवी युद्धात, संसदेच्या सैन्याने किल्ला निकामी करून टाकला. आज उंचवट्यावर भिंतींचे दोनच तुकडे उभे आहेत आणि जुन्या गावठाणाच्या जागी शेतात चढउतार दिसतात.

श्रीमंत गावांनी आपली नॉर्मन चर्च पाडून मोठी, उजेडाची, फॅशनची चर्च बांधली. किल्पेककडे त्यासाठी पैसाच नव्हता. सतराव्या शतकात प्युरिटन या कडव्या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांनी देशभर मूर्ती फोडल्या, ते इथून हात न लावता कसे गेले, याचं समाधानकारक उत्तर मात्र नाही. नशिबाचा भागही होताच. दक्षिण दारापुढे बरीच वर्षं लाकडी पडवी होती, तिने ऊनपाऊस झेलला. १८६८ मध्ये दार नीट दिसावं म्हणून ती काढली, आणि १९६२ मध्ये कमानीवर पाणी झटकणारी अरुंद पट्टी बसवली.

उलट काय होऊ शकतं, ते पाहायला शॉबडनला जा. ऑलिव्हरचं ते चर्च अठराव्या शतकाच्या मध्यात मालकांनी पाडलं आणि जागी पांढरंशुभ्र, केकसारखं गोंडस नवं चर्च उभं केलं. जुन्या कमानी आणि कोरीव दगड शोभेसाठी जवळच्या टेकडीवर उघड्यावर मांडले. अडीचशेहून अधिक वर्षांच्या पावसाने ते इतके झिजले की आज आकृती ओळखायला जुनी चित्रं सोबत ठेवावी लागतात. तीच शैली, तोच काळ. एकाला पैशाने मारलं, दुसऱ्याला गरिबीने सांभाळलं.

गोव्याच्या जुन्या चर्चशी याचं काही साम्य आहे का?

जवळजवळ नाही. पोर्तुगीज १५१० मध्ये गोव्यात आले. तिथली जुन्यांतली जुनी चर्च किल्पेकपेक्षा चारशे वर्षांनी लहान आहेत आणि त्यांची घडण युरोपातल्या प्रबोधनकाळाची आणि नंतरच्या बरोकची. वसईच्या किल्ल्यातल्या पडक्या चर्चचंही तेच.

आत जायला धर्माची, चपलांची, तिकिटाची काही अट?

कसलीच नाही. बांधलं तेव्हा ते रोमन कॅथलिक होतं, सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेनंतर चर्च ऑफ इंग्लंडचं झालं. आजही तिथे प्रार्थना होते, त्यामुळे ती चालू असेल तर मागे शांत बसा किंवा बाहेरची रांग पाहत थांबा. तिकीट नाही, देणगीची पेटी आहे. छपराची दुरुस्ती असल्याच पेट्यांतून होते, तेव्हा हात आखडता घेऊ नका.

जाताना काय न्यावं?

दुर्बीण. कॉर्बेल डोक्याच्या बरेच वर आहेत आणि मोबाइलच्या झूममध्ये त्यांचे चेहरे पिठूळ होतात. दुपारचं ऊन दक्षिण बाजूवर येतं तेव्हा दाराची नक्षी उठून दिसते. लंडनच्या पॅडिंग्टनहून हेरेफर्डला रेल्वेने साधारण तीन तास लागतात. पुढे टॅक्सी किंवा स्वतःची गाडी बरी.

याच कारागिरांचं आणखी काम कुठे आहे?

गाडी असेल तर एका दिवसात बरंच होतं. ब्रिन्सॉपला घोड्यावरचा सेंट जॉर्ज, स्ट्रेटन शुगवासला सिंहाचा जबडा फाडणारा बायबलमधला बलवान सॅमसन, रोलस्टोनला पक्षीच पक्षी, कासल फ्रोमला बाप्तिस्म्याचं पात्र. एकच निवडायचं असेल तर अर्डिस्लीचं पात्र पाहा. त्यावर दोन माणसं भांडत आहेत, एकाचा भाला दुसऱ्याच्या मांडीत घुसला आहे, आणि दोघांच्या अंगावर किल्पेकच्या दारावरच्या योद्ध्यांसारखेच घडीघडीचे, दोरखंडासारख्या रेषांचे कपडे आहेत.